अण्णांची हेरिटेज गल्ली

दाराला रंग देताना दिसलो, तर दुसरा कोणी शेजारी विचारील, "डबा केवढ्याला पडला?" आमचे अण्णा विचारतात, "परवानगी घेतली का?"

आमच्या कोल्हारासारख्या गावात दाराच्या रंगाला परवानगी! पण दोष त्यांचा नाही, त्यांच्या लेकीचा. सुनंदा इंग्लंडात तळ्याकाठच्या एका जुन्या गावात नर्स आहे. व्हिडिओ कॉलवर तिनं ते गाव दाखवलं. दगडी घरं, दगडी पूल, तळ्यात बदकं. वर सांगितलं, इथं खिडकीची चौकट बदलायची तरी कमिटीला विचारावं लागतं. झालं! रिटायर पोस्टमन अण्णांना काम मिळालं.

"चारशे वर्सांचं गाव हाय, पन एका घरावर पत्रा न्हाई. हेरिटेज म्हनत्यात त्याला. आन् तुमी!" हे ऐकवल्याशिवाय अण्णा कुणाचा चहा पीत नाहीत. पिऊन झाल्यावर पुन्हा ऐकवतात. मारुतीच्या पाराला गुळगुळीत फरशी बसवायला आलेला माणूस तर हे तासभर ऐकून फरशी टेम्पोत घालून परत गेला.

मागच्या महिन्यात मात्र त्यांच्याच घरावर पाळी आली. मुलगा विलास सुप्याच्या कंपनीत कामाला. मागची खोली पाडून स्लॅब टाकायचा म्हणून सुट्टी काढून आलेला. मिस्त्री घण घेऊन हजर, आणि अण्णा खोलीच्या उंबऱ्यात फतकल मारून बसलेले.

"काका, तुमीच समजवा," विलास मला म्हणाला. "माजं डोकं फिरलंय."

अण्णांना उठवून मी आत नेलं. ओल धरलेल्या भिंती, आणि वर चक्क पत्रे! "अण्णा, ह्यात हेरिटेज ते काय?"

त्यांनी बोट दाखवलं. चुन्याच्या भिंतीत एक मळका चौकोन होता. त्यात पेन्सिलीनं लिहिलेली हाडांची नावं. नर्सिंगच्या परीक्षेला सुनंदानं लिहिलेली. दर दिवाळीला चुना देताना अण्णा तेवढी जागा सोडत आले होते.

"परवा फोन आल्ता. तिकडंच घर घेती म्हनली. आता ती काय ऱ्हायला यायची न्हाई." त्यांनी चौकोनाच्या कडेनं बोट फिरवलं. "मी म्हनलो, घे बाई, चांगलं हाय. दुसरं काय म्हननार? पन लई आठवन येती रे."

विलास कधी आत आला कळलंच नाही. त्यानं वाकून नावं वाचली. "हितं बसून मीच घोकून घ्यायचो तिच्याकडनं. चुकली की टपली." मग तो बाहेर ओरडला, "मिस्त्री, ही भिंत ठिवून काम हुतंय का बघा!"

मिस्त्री टेप घेऊन आला, तरी अण्णा भिंतीला पाठ लावून उभेच. विलासनं त्यांचा हात धरला.

"अण्णा, मला पन येती तिची आठवन. सरका थोडं, माप घिऊ द्या."