पडद्यामागचं मराठी

"अहो, कोटाची बटणं लावा. आतला टी-शर्ट दिसतोय," ऊर्मिला दाबके नवऱ्याच्या कानाशी म्हणाली.

"कुणाला दिसतोय? आपण पडद्यामागे आहोत," श्यामकांत म्हणाला.

"टिलमनसाहेब डोकावले तर?"

श्यामकांतने मुकाट्याने बटणं लावली. बॉनच्या एका दफनभूमीतल्या प्रार्थनागृहात, काळ्या मखमली पडद्याच्या मागे एक टेबल, एक लॅपटॉप आणि हे दोघं अशी 'दाबके डिजिटाल' कंपनी हजर होती. पडद्याच्या पुढे पांढरी फुलं होती, काळ्या कपड्यांतली पन्नाससाठ माणसं होती, आणि लाकडी पेटीत हेर, म्हणजे श्रीयुत, कार्ल वाइडनर होते. पेटीशेजारच्या मोठ्या स्क्रीनवर त्यांचा फोटो होता. ओठ घट्ट मिटलेले, पण नजर प्रेमळ.

वेबसाइट बनवणारी माणसं मयताला कशी पोचली, हा प्रश्न ऊर्मिलालाही सकाळपासून पडला होता. सुरुवात तर जेवणाच्या टेबलावर, कोलोनमधल्या एका भारतीय हॉटेलचा मेन्यू इंटरनेटवर टाकण्यापासून झाली होती. दाबके हे आडनाव जर्मन लोकांना उत्तर जर्मनीतलंच वाटे. त्यामुळे पहिली काही गिऱ्हाइकं फोनवरच पटली, आणि प्रत्यक्ष भेटीत श्यामकांतला बघून दचकली, तरी सभ्यपणे टिकली. मग लोक आपापल्या वेबसाइट आपणच बनवायला लागले, तेव्हा दाबक्यांनी अॅप काढली. अॅप नकोशी झाली, तेव्हा ऑनलाइन दुकानं मांडून दिली. करोनात लग्नं दाखवली, योगाचे वर्ग दाखवले, एका कुत्र्याचा वाढदिवससुद्धा थेट प्रक्षेपित केला. पुढे यंत्रंच मजकूर लिहायला लागली. अर्धी गिऱ्हाइकं गेली, सहा जणांच्या ऑफिसात तीन जण उरले. हे दोघं आणि पुण्याहून आलेला कपिल.

टिकले ते हेर टिलमन. त्यांचा अंत्यविधींचा पिढीजात व्यवसाय होता, आणि त्यात मंदी नव्हती. परगावच्या, परदेशच्या नातेवाइकांना विधी घरबसल्या बघता यावा, भाषेची अडचण येऊ नये, ही कल्पना त्यांना फार आवडली होती. वाइडनरांची मुलगी लिस्बनमध्ये होती, नातवंडांना जर्मन येत नव्हतं. म्हणून आजचा पहिला प्रयोग. जर्मन भाषण तिकडे पोर्तुगीज अक्षरांत दिसणार आणि तिकडून कुणी बोललं की ते इथे, फोटोच्या खाली, जर्मनमध्ये उमटणार. आज नीट पार पडलं तर टिलमनच्या सगळ्या शाखांचं काम मिळणार होतं. नाही पडलं तर कपिलला आणि त्याच्या व्हिसाला काय सांगायचं, हे दोघांनी अजून एकमेकांनाही विचारलं नव्हतं.

"भाषा आपोआप ओळखतं ना?" टिलमननी विचारलं होतं.

"गेनाऊ! अगदी!" श्यामकांत छाती काढून म्हणाला होता. "नव्वद भाषा. कुठलीही बोला."

इथे वाचकांना एक गोष्ट सांगून टाकायला हवी, जी त्या दोघांच्या ध्यानात आली नव्हती. लिस्बनशी बोलून बघण्यासाठी ऊर्मिलाने कानाला लावलेला माइक अजून तसाच होता. त्याचा आवाज तिने बंद केला होता, पण तो फक्त स्पीकरपुरता. स्पीकर मुका झाला. अक्षरं लिहिणारा प्रोग्रॅम मात्र कान टवकारून बसला होता. लॅपटॉपवर ती अक्षरं दिसायची खिडकी होती, पण लोकांचे चेहरे झाकले जातात म्हणून श्यामकांतने ती मिटून टाकली होती.

आणि मराठी तर काय, त्यांची आतली खोली होती. ट्राममध्ये समोरच्या बाईच्या केसांचा रंग, डॉक्टरच्या तोंडावर डॉक्टरची फी, शेजाऱ्याच्या देखत शेजाऱ्याचा कंजूषपणा, सगळं त्या खोलीत चाले, दार सताड उघडं टाकून. इतक्या वर्षांत कुणी आत डोकावलं नव्हतं.

भाड्याने आणलेला वक्ता बोलायला उभा राहिला. जर्मनीत अशी माणसं मिळतात. मेलेल्याला कधीही न पाहता त्याच्याबद्दल पाऊण तास गहिवरून बोलतात.

"ती हॅटवाली बाई बघा," ऊर्मिला कुजबुजली. "तिसऱ्यांदा घड्याळ बघतेय."

लॅपटॉपवर पहिली रांग स्पष्ट दिसत होती. हॅटवालीने समोर पाहिलं, दचकली आणि झटकन हात मांडीखाली घातला.

"ठेवलं बाई खाली. लाजली वाटतं."

हॅटवालीचा चेहरा लाल झाला.

"आणि तो मागचा जाड्या," श्यामकांत माइकजवळ झुकला, "बिनधास्त झोपलाय. आता घोरणार."

जाड्याच्या शेजारणीने त्याला कोपर मारलं. तो ताडकन उठून बसला, स्क्रीनकडे बघत राहिला आणि त्याने छातीवर क्रॉस काढला.

"काय शिस्त आहे हो या लोकांची!" ऊर्मिला कौतुकाने म्हणाली. "आपल्याकडे कुणी उठवलं असतं का?"

हळूहळू रांगारांगांतून खांदे हलायला लागले. रुमाल निघाले. कुणी तोंड झाकलं, कुणी गुडघ्यांत डोकं घातलं.

"रडले एकदाचे," श्यामकांतने सुस्कारा सोडला. "मला काळजीच वाटत होती. मयत आहे की बँकेची मीटिंग!"

यावर खांदे आणखीच जोरात हलले. वक्त्याला वाटलं, आपलंच भाषण रंगलंय. तो हात उंचावून सांगू लागला, की कार्ल म्हणजे गप्पांचा धबधबा, मित्रांच्या मैफिलीचा प्राण.

"धबधबा?" ऊर्मिलाला राहवेना. "अहो, मी परवा फोटो आणायला गेले तर फ्राउ वाइडनर, म्हणजे त्यांच्या मिसेस, मला काय म्हणाल्या माहितीये? बेचाळीस वर्षं हा माणूस न्याहारीला एक अक्षर बोलला नाही. समोर बसून नुसता पाव खायचा. आणि म्हणाल्या, आता घरात जी शांतता आहे ना, ती वेगळीच आहे. ती त्याची नाही. त्याची शांतता मला ऐकू यायची. सांगताना डोळे भरले हो त्यांचे. हा बाबा बघा, धबधबा म्हणतोय!"

खांदे हलायचे थांबले. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. पहिल्या रांगेतल्या फ्राउ वाइडनर स्क्रीनकडे बघत अगदी स्तब्ध बसल्या होत्या.

तेवढ्यात लॅपटॉपच्या कोपऱ्यात निरोप उमटला. घरी बसून प्रक्षेपणावर लक्ष ठेवायचं काम मुलीकडे, देवश्रीकडे दिलं होतं. तिला मराठी सगळं कळे, पण उत्तर जर्मनमध्येच येई. आताही तसंच आलं: "उंटरटिटेल! आलेस! आलेस!"

अक्षरं. सगळं. सगळं.

श्यामकांतने मिटलेली खिडकी उघडली. हेर वाइडनरांच्या मिटलेल्या ओठांखाली, सुंदर टपोऱ्या जर्मन अक्षरांत, बेचाळीस वर्षांची न्याहारी लिहिलेली होती. वर हॅट होती, घड्याळ होतं, जाड्या होता. यंत्राने त्याला सभ्यपणे 'तो स्थूल गृहस्थ' केलं होतं.

"अहो, बंद करा!"

"करतोय! हे का?"

"ते नाही हो! ते लाल! लाल दाबा!"

'ते नाही! लाल दाबा!' हेर वाइडनर पेटीशेजारून म्हणाले.

"धरणीमाते," ऊर्मिलाने डोळे मिटले, "पोटात घे मला."

हे वाक्य स्क्रीनवर आलं, तेव्हा मात्र सभागृहात सगळ्यांच्या माना आपोआप खाली गेल्या. मागून कुणीतरी "आमेन" म्हणालं. तेवढ्यात श्यामकांतला लाल बटण सापडलं.

विधी संपल्यावर टिलमन पडद्याआड आले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते अतिशय हळू बोलले.

"फ्राउ दाबके, माझ्या आजोबांच्या काळापासून आमच्याकडे असं झालेलं नाही. पुढे काय करायचं ते मी ठरवणार नाही. फ्राउ वाइडनर ठरवतील. त्यांनी तक्रार केली, तर आपलं काम इथेच संपलं."

इथल्या रिवाजाप्रमाणे सगळे शेजारच्या कॅफेत कॉफी आणि केकला जमले होते. ऊर्मिला आधी प्रसाधनगृहात गेली आणि आरशासमोर माफीचं भाषण जुळवू लागली. 'तांत्रिक बिघाडामुळे' अशी सुरुवात छान होती. पण ते शब्द तोंडातून निघेनात. बिघाड कुठे होता? यंत्राने कपिलच्या सगळ्या चाचण्यांपेक्षा चोख काम केलं होतं. एका शब्दाची चूक नव्हती. जे बिघडलं होतं ते आरशात दिसत होतं, काळ्या ड्रेसमध्ये, गळ्यात माइक तसाच लटकत असलेलं. एका बाईने आपलं मन उघडं केलं होतं आणि आपण ते चुरमुऱ्यांसारखं फस्त केलं. आज पकडलो गेलो म्हणून लाज वाटतेय. मग ट्राममध्ये इतकी वर्षं का नाही वाटली?

श्यामकांत दाराबाहेर उभा होता. "मी येऊ का बरोबर?"

"नको. बोलले मी आहे."

"जाड्या मी म्हणालो."

"मग त्याची माफी तुम्ही मागा."

फ्राउ वाइडनरांच्या समोर उभं राहिल्यावर ऊर्मिलाला एकच वाक्य सुचलं. "माझं चुकलं. मी ते बोलायला नको होतं. कुठल्याच भाषेत."

म्हाताऱ्या बाईंनी काटा खाली ठेवला. "ते मी तुम्हाला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "यांना नाही."

"हो."

"मुलीलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. तिचा मघाशी लिस्बनहून फोन आला. रडत होती. म्हणाली, आई, मला वाटायचं बाबा फक्त माझ्याशीच बोलत नाहीत."

ऊर्मिलाने मान खाली घातली. आता तिला धरणीमातासुद्धा पुरली नसती.

"आणि खरं सांगू?" फ्राउ वाइडनर पुढे म्हणाल्या. "त्याच्या फोटोखाली शब्द यायला लागले, तेव्हा क्षणभर मला वाटलं कार्लच बोलतोय. इतका बोललेला मी त्याला पहिल्यांदाच पाहिला. माझ्या त्या हॅटवाल्या नणंदेच्या घड्याळाबद्दल तर अगदी बरोबर बोलला." त्यांनी पुन्हा काटा उचलला. "टिलमनकडे मी तक्रार करणार नाही. पण तुम्हाला सोडणारही नाही. रविवारी न्याहारीला या. एकट्या."

टिलमननी काम दिलं. करारात एक नवं कलम घातलं, पडद्यामागे कुणी कुठल्याही भाषेत बोलणार नाही, आणि श्यामकांतने ते न वाचता सही केली, कारण वाचायची हिंमत नव्हती. घरात दोघं कुजबुजायलासुद्धा घाबरू लागले. देवश्रीने आईला विचारलंही, घरात कुणी आजारी आहे का.

रविवारी ऊर्मिला फुलं घेऊन गेली. जाताना तिने मनाशी पक्कं ठरवलं होतं, आपण तोंड उघडायचं नाही. जे विचारतील त्याला हो म्हणायचं, आभार मानायचे, परत यायचं. स्वयंपाकघरात दोघींसाठी टेबल मांडलेलं होतं. ताजे पाव, लोणी, जॅम, चिमुकल्या कपांत उभी केलेली उकडलेली अंडी. फ्राउ वाइडनरांनी हवेबद्दल विचारलं. ऊर्मिला "या", म्हणजे हो, एवढंच म्हणाली. कॉफीबद्दल विचारलं. "डांके," तिने आभार मानले. मग बराच वेळ नुसता पाव खाल्ल्याचा आवाज येत राहिला.

फ्राउ वाइडनरांनी चमचा टेबलावर आपटला. "फ्राउ दाबके! असा एक होता की माझ्याकडे. दुसरा कशाला बोलावू मी?"

ऊर्मिला दचकली. तोंडातला घास तिने कसाबसा गिळला. काहीतरी बोलायलाच हवं होतं, आणि घाईत तिच्या तोंडून जे निघालं ते दुर्दैवाने खरं होतं.

"अंडं फार उकडलंय हो. दगड झालाय त्याचा."

बोलल्याबरोबर तिने तोंडावर हात ठेवला. फ्राउ वाइडनर आपल्या पुढ्यातल्या अंड्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी ते उचललं, वळवून वळवून बघितलं आणि हळूच कपात परत ठेवलं.

"बेचाळीस वर्षं," त्या म्हणाल्या, "मला वाटत होतं, त्याला असंच आवडतं."