मिरचीला जॉर्जेट

शालनबाईंच्या मिरचीला बोकड्या रोग झाला. चाकणच्या कंपन्यांच्या भिंतीलगतच्या त्या रानात पानन् पान चुरगळलं. मधोमध एकच झाड हिरवंगार राहिलं.

"आये, बास आता," मुलगा रणजीत म्हणाला. "जागा ट्रेलरच्या पार्किंगला देऊ."

"दे की. मग जेवायला टायर वाढते तुला!"

कृषी खात्याच्या अंजली मॅडमनी झाड पाहिलं. "काकू, हा रोग पांढरी माशी पसरवते. या झाडाच्या जातीतच दम असेल, तर तो बियांतून पुढं उतरेल. नशिबानं वाचलं असेल, तर उपयोग नाही. तीन आठवड्यांनी बघू."

"तवर थांबतो," रणजीत म्हणाला. "पान वाकडं झालं की पार्किंग."

नशिबावर सोडतील त्या शालनबाई कसल्या! त्याच संध्याकाळी त्यांनी सून योगिनीच्या कपाटातली जॉर्जेटची साडी काढली. "आरपार दिसतंय सगळं. माणसापरीस झाडालाच शोभंल," म्हणत काठ्या रोवून झाडाभोवती गुंडाळली, माशी शिरू नये म्हणून कडा मातीत पुरल्या. पाणी बाहेरूनच घालायच्या.

तीन आठवड्यांनी, तळेगावला एका लग्नाला जायच्या दिवशी योगिनीला ती साडी सापडेना. रणजीत लाँड्रीवाल्याशी भांडून आला. तो परतला, तेव्हा योगिनी गच्चीवरून रानाकडं बोट दाखवत होती.

"आत्या, ती माझी साडी हाय!"

तिनं जाऊन साडी ओढली. पीठ उधळावं तशा पांढऱ्या माश्या उठल्या. तिच्या केसांत, रणजीतच्या नाकात. शालनबाई पदरानं माश्या हाकलू लागल्या.

"पानाखाली आदीच बसल्या व्हत्या गं मेल्या! वैरी आत ठिवून मीच दार लावलं!"

रणजीतनं पार्किंगवाल्याला फोन लावला. तेवढ्यात अंजली मॅडम आल्या. त्यांनी एकेक पान उलटून पाहिलं. खाली माश्याच माश्या. पान मात्र सपाट, ताठ.

"काकू, हे तुम्हाला कुणी शिकवलं? जातीतला दम पारखायला आम्हीही माश्या अशाच झाडाबरोबर कोंडतो!"

शालनबाईंनी डोळे पुसले. "शिकवाया कशाला पायजे?"

रणजीतनं फोन खिशात टाकला.

"बी धरा," मॅडम म्हणाल्या. "पण एका झाडावर भागत नाही. त्याची रोपंही अशीच झाकून बघावी लागतील."

"किती रोपं?" योगिनीनं विचारलं.

"पन्नासेक."

योगिनीनं केसांतली माशी काढली आणि सासूपुढं हात केला. "आत्या, तुमच्या कपाटाची चावी."

शालनबाईंनी झाडाकडं पाहिलं. मग कमरेची चावी सोडू लागल्या.