भागवतरावांच्या डॉजचा आवाज ठरविण्याबाबत

माणसाची किंमत तो आल्यावर ठरत नाही, तो येतो आहे हे किती आधी कळते त्यावर ठरते. ज्याचे येणे चार मिनिटे आधी कळते तो मोठा माणूस. ज्याचे येणे दारात उभा राहिल्यावर कळते तो पाहुणा. आणि जो आलेला कुणालाच कळत नाही तो मतदार. या मोजमापाने आमच्या गावात एकच मोठा माणूस होता आणि त्याचे मोठेपण एका गंजलेल्या सायलेन्सरवर उभे होते, हे नमूद करताना मला अभिमान वाटतो.

(गावाचे नाव देत नाही. नांदूरघाटच्या अलीकडे आहे, एवढे पुरे. मी तिथल्या ग्रामपंचायतीत लिपिक आहे आणि माझ्या निवृत्तीला अजून दोन वर्षे आहेत.)

भागवतराव आबा हे शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष, दूध संस्थेचे अध्यक्ष आणि ज्या गोष्टींना अध्यक्ष नसतो त्यांचेही अध्यक्ष. त्यांच्या आजोबांनी पोलिस ॲक्शननंतर हैदराबादेत एका जहागीरदाराची डॉज मोटार लिलावात घेतली. ती अजून चालते. तिचा सायलेन्सर मात्र तीस वर्षांपूर्वी कुजला आणि तेव्हापासून तिचा आवाज दीड किलोमीटरवरच्या फाट्यापासून गावात ऐकू येऊ लागला. फाटा ते पार हे अंतर खड्डे धरून चार मिनिटांचे आहे.

या चार मिनिटांत आमच्याकडे जेवढा कारभार होतो तेवढा इतरत्र आठवड्यात होत नसावा. पहिल्या मिनिटात मी कार्यालयाचे कुलूप काढतो. दुसऱ्या मिनिटात लिंबाखालचे चारही गुरुजी वर्गात शिरतात आणि पोरे एका सुरात पाढे म्हणू लागतात (शक्यतो एकोणतीसचा, तो लांबून हुशार वाटतो). तिसऱ्या मिनिटात दूध केंद्रातला उत्तरेश्वर पाण्याची बादली उचलून म्हशीपुढे ठेवतो. चौथ्या मिनिटाला पारावरचे पत्ते उपरण्याखाली जातात आणि सगळा गाव उभा असतो. आबा उतरतात, चौफेर नजर टाकतात आणि सांगतात की आपण मुद्दामच न कळवता येतो, म्हणजे खरे काय ते दिसते.

आठवड्याला दोन फेऱ्या, म्हणजे आठ मिनिटे. वर्षाला सहा तास छप्पन्न मिनिटे. एवढ्या कामावर आमच्या गावाला तालुक्यात चांगल्या कारभाराचा तिसरा क्रमांक मिळाला. (पहिल्या दोन गावांचे पुढारी बहुधा बुलेटवर फिरत असावेत.)

मग आबांची सून तेजश्री आली. ती इंजिनियर आहे, पण स्वभावाने चांगली आहे. जुन्या मोटारींच्या शौकिनांत योग्य आवाजाला फार महत्त्व असते, प्रत्येक मोटारीला तिचा मूळ आवाज परत मिळाला पाहिजे, असे तिने आबांना समजावले. ‘मूळ’ हा शब्द आबांना फार आवडतो. त्यांनी होकार दिला. तेजश्रीने जुने कागद काढले तेव्हा असे आढळून आले की जहागीरदाराने ही मोटार घेतली तीच मुळी ती आवाज करत नाही म्हणून.

नांदूरघाटच्या मकसूद मिस्त्रींनी तीन दिवस खपून मूळ मापाचा सायलेन्सर घडवला. आत तीन कप्पे, मधून भोकांची नळी, भोवती काचेची लोकर. काम असे झाले की मोटार चालू आहे की बंद, हे कळायला बोनेटवर हात ठेवावा लागे. मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आले, असे ते स्वतःच सांगतात.

पुढच्याच सोमवारी सकाळी अकरा वाजता शाळेचा शिपाई बजरंग पारावर उभा राहून आबांचे पंधरा ऑगस्टचे भाषण करून दाखवत होता. हा कार्यक्रम आमच्याकडे नेहमीचा आहे. आबा आईच्या आठवणीने दरवर्षी ज्या एका वाक्याला रडतात, त्या वाक्याला बजरंग उपरण्याने डोळे टिपतो आणि ते टिपण्याआधी उपरण्याचा कोरडा कोपरा शोधतो, अगदी आबांसारखा. सगळे हसत होते. सर्वांत मोठ्याने मी हसत होतो, कारण मला जागा पुढची मिळाली होती. मागे लिंबाच्या आडोशाला डॉज काचा खाली करून सात मिनिटे उभी होती.

“मी आलो हाय,” आबा म्हणाले. “कळलं न्हाई का कुणाला?”

“आबा, आवाजच आला न्हाई,” बजरंगने उपरणे सोडता सोडता सांगितले.

आबा उतरले नाहीत. मोटार वळली आणि आली तशीच गेली. मला खरोखर वाईट वाटले. गाव आपल्याला लेकरासारखे जपते असे हा माणूस तीस वर्षे सांगत होता, आणि आम्ही जपतच होतो, फक्त चार मिनिटे आधी कळवावे लागत होते.

पुढचे दहा दिवस आबा घराबाहेर पडले नाहीत. त्या काळात कार्यालय उघडण्याचा प्रसंग आला नाही. पाढे बंद पडले. दुधातून बादलीचा तळ स्पष्ट दिसू लागला. आबांच्या पत्नी छबुबाई यांनी निरोप धाडला की आबा दोन घासांवर ताटावरून उठतात आणि एकच विचारतात, मी त्या वाक्याला खरंच दरवर्षी रडतो का.

तेव्हा ग्रामस्थांनी ‘आवाज निश्चिती समिती’ स्थापन केली. सचिव मी. तज्ज्ञ सदस्य म्हणून बजरंगला घेतले, कारण आबांच्या सर्व आवाजांचा अभ्यास त्याचाच होता. चाचणीची पद्धत शास्त्रीय होती. मिस्त्रींनी फाट्यावर मोटारीला एकेक सायलेन्सर जोडायचा आणि इकडे पारावर म्हाळू आजा बसवायचे. त्यांचे वय ब्याऐंशी, ऐकू जवळपास येत नाही. म्हाळू आजा उठून उभे राहिले की नमुना मंजूर.

ट्रॅक्टरचा सायलेन्सर लावला तेव्हा आजा बसूनच राहिले, फक्त विहिरीवरची मोटार कुणीतरी बंद करा म्हणाले. बुलेटचा लावला तेव्हा गावातल्या बायांनी पोरींना घरात बोलावले. ट्रकचा लावल्यावर निम्मा गाव उभा राहिला, पण हातात रेशनकार्ड घेऊन. चौथा नमुना म्हणजे नवाच सायलेन्सर, दोन कप्पे कमी केलेला. तो ऐकू येत होता, परंतु त्या आवाजात अजिजी आढळली. आबा येत नसून आबा माफी मागायला येत आहेत असे वाटे. बजरंगने तो एकमताने फेटाळला.

अकराव्या दिवशी आबा स्वतः फाट्यावर आले. चालत आले. मिस्त्री मोटारीखालून बाहेर निघाले आणि हात पुसत म्हणाले, “आबा, इमानदारीनं सांगतो. गाडी तंदुरुस्त असली की गप ऱ्हाती. आता आवाज काढायचा म्हंजी तिला पुन्हा बीमार करायचं. कावून करता?”

आबा बराच वेळ डॉजच्या टपावरची धूळ बोटाने पुसत राहिले.

“मकसूद, माझं येणं गावाला हितनंच ऐकू जाऊ दे,” ते म्हणाले. “लोकं माझ्यामागं काय बोलतेत, ते मला पुन्हा ऐकायचं न्हाई.”

मिस्त्रींनी उरलेला कप्पाही काढला, लोकर उपसली आणि मोकळे नळकांडे जागच्या जागी बसवून दिले. चावी फिरवताच दीड किलोमीटरवर म्हाळू आजा काठी टेकत उभे राहिले. मी धावत जाऊन कुलूप काढले. आबा उतरले तेव्हा पार गच्च भरला होता. बजरंगच्या हातात हार होता आणि एकोणतीसचा पाढा दुसऱ्यांदा सुरू झाला होता. कुणाकडे बघावे हे न ठरल्यामुळे आबा सगळ्यांकडे बघून हसले. आम्हीही हसलो. त्या दिवशी ते दोन भाकरी जेवले, असा छबुबाईंचा निरोप आला आणि समिती विसर्जित झाली.

आपण सुशिक्षित वाचक आहात. खरे ऐकण्याची हिंमत माणसात हवी, असे आपल्याला वाटले असेल आणि ते योग्यच आहे. तर आज संध्याकाळी घरी जाताना एवढे करून पाहावे. गल्लीच्या तोंडाशी हॉर्न देऊ नये. जिन्यात चपला वाजवू नयेत. दाराशी खाकरू नये. बेलवर बोट न ठेवता पाच मिनिटे नुसते उभे राहावे आणि आत आपला विषय निघाला की पूर्ण ऐकावे. अडीच मिनिटांनंतर आपला हात बेलकडे जाईलच. मकसूद मिस्त्रींचे दुकान सकाळी नऊला उघडते, गाडी नसली तरी ते माप घेतात.