मतदान नसलेला अमेरिकन

तारीख : नोव्हेंबरमधला पहिला शनिवार. रक्कम : पन्नास दिरहम, म्हणजे आपले साधारण बाराशे रुपये. हजर : डॉमनिकभाऊ, हमीदभाई आणि मी. दुबईतल्या मीना बाजारामागच्या कोयाच्या कॅफेटेरियात प्रश्न असा निघाला, की अमेरिकेची मध्यवर्ती बँक डिसेंबरात व्याजदर कमी करणार की नाही. डॉमनिकभाऊ म्हणाले, करणार. हमीदभाई म्हणाले, कमी होण्याचा सवालच नाही. ज्याचं चुकेल त्याने दंड भरायचा. याला पैज म्हणायचं नाही. पैज हमीदभाईंना हराम, आणि या देशात गुन्हाही. दंड चालतो.

खजिनदार मी. हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीत मी हिशोब बघतो आणि सवयीने चहाच्या पैशांचीही पावती देतो. दोघे माझी थट्टा करतात, पण पावती जपून ठेवतात.

डॉमनिकभाऊ वसईचे. रास अल खोरला मोटारींच्या सुट्या भागांच्या गोदामात त्यांची बरीच वर्षं गेली. त्यांच्या डाव्या मनगटावर दुबईचं घड्याळ असतं आणि उजव्या मनगटावर वॉशिंग्टनचं. सकाळचा चहा पिता पिता ते उजवीकडे बघून सांगतात, "आत्ता आपलं अर्थखातं झोपलंय." आपलं म्हणजे अमेरिकेचं. अमेरिकेचा व्हिसा त्यांनी कधी मागितला नाही. "मागायचा कशाला?" ते विचारतात. "दिरहम डॉलरला बांधलाय आणि मी दिरहमला बांधलोय. तिकडे दर हलला की इकडे माझा हप्ता हलतो. मी मतदान नसलेला अमेरिकन आहे. बिल कोण भरतं? मी. मग बोलणार कोण?"

शेवटचा प्रश्न ते टेबलावर बोट आपटून विचारतात. समोर कोण आहे याने फरक पडत नाही. एकदा बँकेतल्या मुलीने त्यांना वाढलेल्या हप्त्याचा कागद दिला. त्यांनी तिला अमेरिकेची तूट, आयातकर आणि तिथल्या संसदेचा आळस असं सगळं समजावलं. मागे रांग दारापर्यंत गेली. शेवटी तिने विचारलं, "सर, तुमची तक्रार नक्की कोणाविरुद्ध लिहू?" भाऊ म्हणाले, "वॉशिंग्टन. पत्ता मी सांगतो."

अमेरिकाच का, हे सांगायला हवं. आम्ही पूर्वी गावाकडच्या राजकारणावर बोलायचो. एका निवडणुकीनंतर डॉमनिकभाऊ आणि रत्नागिरीचे हमीदभाई असे भांडले, की दोन महिने एकमेकांचं तोंड बघेनात. मग मी नियम काढला. आपला देश बंद, हा देश बंद, धर्म बंद. अमेरिका खुली. दोघांनीही अमेरिका पाहिलेली नव्हती, त्यामुळे तिथे कोणाचं काही दुखत नव्हतं. तेव्हापासून दर शनिवारी दोघे घसा बसेपर्यंत भांडतात आणि एकाच गाडीतून घरी जातात. माझी मुलगी म्हणते, "बट बाबा, यू गाईज आर नॉट इव्हन अमेरिकन." तिला नियमाचा इतिहास माहीत नाही.

सगळ्यात मोठं भांडण औषधपाण्याचं. डॉमनिकभाऊंचं म्हणणं, आजारी पडणं हा काय धंदा आहे, कोणी त्यावर नफा कमवायला? अमेरिकन सरकारने सगळ्यांचा खर्च उचलावा. हमीदभाईंचं मीना बाजारात कापडाचं दुकान, आता मुलगा बघतो. ते म्हणायचे, फुकट दिलं की माणूस बिघडतो, ज्याचं त्याने बघावं. पण दुकानातल्या शिंप्याचं ऑपरेशन याच हमीदभाईंनी स्वतःच्या खिशातून केलं होतं. डॉमनिकभाऊंनी ते बरोबर पकडलं. "तू करतोस, मग सरकारने का नाही?"

"सरकार माझ्यासारखं हिशोबी नाही, हबीबी."

त्या नोव्हेंबरातच हमीदभाईंना अटॅक आला, मेंदूचा. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, पण बोलणं परत येईल की नाही ते त्यांनी प्रयत्न करण्यावर आहे. आणि हमीदभाई प्रयत्नच करत नव्हते. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईपुढे ओठ घट्ट मिटून बसत. सून शबाना आम्हाला दारातच म्हणाली, "अंकल, प्लीज. न्यूज नको, पॉलिटिक्स नको. अब्बांना टेन्शन द्यायचं नाही."

डॉमनिकभाऊंनी दोनदा ऐकलं. दोन्ही वेळा आम्ही हवा, खजूर आणि नातवाच्या शाळेविषयी बोललो. हमीदभाई भिंतीकडे बघत राहिले. खाली गाडीत बसल्यावर डॉमनिकभाऊंनी चावी फिरवलीच नाही. "सगळे त्याच्याशी गोड बोलतात," ते म्हणाले. "मयताशी बोलतात तसं."

शनिवारी आम्ही दोघंच असायचो. हमीदभाईंची बाजू मी घेऊन पाहिली. भाऊंनी पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "सावंत, तुला विरोध जमत नाही. तू फक्त बेरीज तपासतोस." त्यांची बायको गेल्याला बरीच वर्षं झाली, मुलगी मेलबर्नला असते. आठवड्यात त्यांना उलट उत्तर देणारा माणूस एकच होता, हे मला तेव्हा कळलं. कोया सवयीने तीन चहा आणायचा आणि भाऊ तिसरा परत पाठवू द्यायचे नाहीत.

डिसेंबरात तिकडे व्याजदर कमी झाले. हमीदभाईंच्या मुलाच्या फ्लॅटवर कर्ज आहे. जानेवारीत त्याचाही हप्ता उतरल्याचं त्याने मला फोनवर सांगितलं. दंड उघडच हमीदभाईंचा होता. मी तो सोडून द्यायचं ठरवलं होतं.

पुढच्या भेटीत शबाना चहा करायला आत गेली. डॉमनिकभाऊंनी खुर्ची ओढून हमीदभाईंच्या गुडघ्याला गुडघा लावला आणि खिशातून पन्नासची नोट काढली.

"हमीद, तू जिंकलास. तिकडे दर कमी झाले नाहीत. अजिबात नाही. माझं चुकलं."

इतक्या वर्षांत त्या माणसाच्या तोंडून मी चुकीचा आकडा ऐकला नव्हता. 'माझं चुकलं' तर नाहीच. मी दुरुस्ती करायला तोंड उघडलं. त्यांची टाच माझ्या पायावर आली आणि तिथेच राहिली.

हमीदभाईंनी मान वळवली. भाऊ थांबले नाहीत. "आणि औषधपाण्याचंही पटलं मला. तिकडे म्हाताऱ्यांना सरकार एक डॉलर देत नाही, तेच बरोबर. तूच म्हणायचास."

हे हमीदभाई कधीही म्हणाले नव्हते. सरकार म्हाताऱ्यांवर फार उधळतं, हीच तर त्यांची तक्रार. त्यांचा चेहरा लाल झाला. डावा हात खुर्चीवर आपटला. ओठ हलले, थुंकी आली. मी घाबरून उठलो, पण टाच हलेना.

"खो," हमीदभाई म्हणाले. मग श्वास घेऊन, "खोटा."

"कोण खोटा? मी? आकडा दाखव."

"क... कमी. झाले." डाव्या हाताने त्यांनी नोट ढकलून दिली. "हप्ता. कमी."

शबाना ट्रे घेऊन दारात उभी होती. ती ओरडेल असं मला वाटलं. तिने ट्रे जमिनीवर ठेवला आणि तिथेच बसली.

हमीदभाईंनी पलंगावरच्या उशीकडे बोट दाखवलं. उशीखालचं पाकीट भाऊंनी काढून दिलं. डाव्या हाताने पन्नास दिरहम काढायला त्यांना बराच वेळ लागला. कोणी मदत केली नाही. भाऊंनी मला करू दिली नाही. पैसे माझ्या हातात ठेवून हमीदभाईंनी डॉमनिकभाऊंकडे बोट रोखलं. म्हणजे, याचाही दंड घे, खोट्या आकड्याचा. हमीदभाईंनी ढकललेली ती नोट भाऊंनी मला दिली. निघताना मागून आवाज आला.

"पाव... ती."

लिफ्टमध्ये डॉमनिकभाऊ माझ्याकडे पाठ करून उभे होते. खाली मान घालून वॉशिंग्टनच्या घड्याळाला चावी देत होते. ते घड्याळ बॅटरीवर चालतं.

जमा : हमीदभाई पन्नास, अंदाज चुकल्याबद्दल. डॉमनिकभाऊ पन्नास, खोटं बोलल्याबद्दल. पुढच्या शनिवारी त्यातले साठ दिरहम कोयाला दिले. पराठे, ऑम्लेट आणि तीन चहा, हमीदभाईंच्या घरी पोचते. चाळीस शिल्लक आहेत. शबाना म्हणते ते दाराला जाड पडदा घेण्यासाठी द्या, शेजारी आवाजाची तक्रार करतात.