पंच्याऐंशीचे म्हात्रे

कंपनीच्या बसमध्ये आधी काशिनाथ म्हात्र्यांचे पांढरे बूट चढायचे आणि मग म्हात्रे. पहिला बूट पायरीवर ठेवला की ते खिशातलं फडकं काढून त्याचं टोक पुसत आणि मगच दुसरा पाय उचलत. ड्रायव्हर तोवर थांबायचा. रामवाडीच्या स्टॉपवर या कामासाठी रोज अर्धं मिनिट जायचं, पण कोणी कुरकुर करत नसे. बुटांच्या वर आज काय असणार, हे बघण्यात सगळ्यांनाच रस होता.

बहुधा कमरेला चुण्या असलेली, मांड्यांवर फुगलेली आणि घोट्याशी आवळलेली पँट असायची. शर्ट मोरपंखी नाहीतर वांगी. त्याच्या खांद्यांवर फौजदारासारख्या पट्ट्या आणि आत पॅड, त्यामुळे मुळात किरकोळ असलेले म्हात्रे खांद्यांपुरते पैलवान दिसत. हे मी सांगतोय ते सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचं. बाकीची बस तोवर जीन्स आणि टीशर्टात गेली होती. त्यांच्या फॅशनच्या सालावरून आम्ही त्यांना ‘पंच्याऐंशी’ म्हणायचो, तेही तोंडावर. ते ओ द्यायचे.

पेणहून आम्ही रोह्याला एका केमिकल कंपनीत जायचो. मी टाइम ऑफिसात होतो, ते स्टोअरमध्ये. चेष्टा फार झाली की म्हात्रे शांतपणे म्हणत, “फॅशन जात नाय, शिफ्ट बदलते. सेकंडला गेली म्हणून काय झालं? फर्स्टला येतेच.”

या शास्त्रावर त्यांची निष्ठा होती. एकदा हमरापूरला एका सहकाऱ्याच्या घरच्या कारखान्यात आम्ही गणपती बघायला गेलो. म्हात्र्यांनी रंगाऱ्याला एका मूर्तीचा शेला वांगी करायला लावला. योगायोगाने तीच मूर्ती सगळ्यांत आधी गेली. पुढचं वर्षभर म्हात्रे त्या शेल्यावर बोलत होते. दिवाळीला कंपनी सगळ्यांना पँटपीस द्यायची. म्हात्रे तो सही करून घेत आणि मेव्हण्याला देऊन टाकत. नवीन कापड त्यांच्या अंगावर मी कधी पाहिलं नाही.

आणि मग एका सोमवारी खरोखरच शिफ्ट बदलली. अभिजित नावाचा ट्रेनी मुंबईला घरी जाऊन आला तो तशीच चुण्यांची पँट आणि तसाच पट्ट्यांचा शर्ट घालून. मुंबईत सध्या हेच चालतंय म्हणाला. अख्ख्या बसने मागे वळून म्हात्र्यांकडे पाहिलं. म्हात्रे उठले, अभिजितच्या शेजारी जाऊन बसले आणि नागोठणं येईपर्यंत त्यांनी त्याचा शर्ट आतून बाहेरून तपासला. शेवटी म्हणाले, “शिलाई कच्ची हाय. पण आली बघा परत.”

त्यानंतर ट्रेनी पोरांच्या डोक्यात आलं की कंपनीच्या स्नेहसंमेलनात ऐंशीच्या जमान्याचा नाच करायचा. कपडे कुणाकडे आहेत हे विचारायची गरजच नव्हती. मी समितीत होतो, म्हणून मला पुढे केलं. म्हात्रे खूश होतील असं मला वाटलं होतं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. कारण दिलं नाही. त्यांनी कुणाला नाही म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं, त्यामुळे मी जरा चक्रावलो आणि रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेलो.

म्हात्रे इस्त्री करत होते. खाटेवर त्यांच्या पत्नी, वनिता वहिनी, तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी नमस्कार केला, तर त्यांनी दाराच्या जरा डावीकडे बघून नमस्कार केला. त्यांना दिसत नाही हे दहा वर्षं एका बसने जाऊनही मला ठाऊक नव्हतं. काचबिंदू होता. लक्षात आलं तोवर उशीर झाला होता. मुंबईच्या खेपा झाल्या, उपयोग झाला नाही. हे म्हात्र्यांनी मला इस्त्री न थांबवता सांगितलं, स्टोअरमधला माल सांगावा तसं. त्याआधी वहिनी पेणला शिवणकाम करायच्या. म्हात्र्यांचा प्रत्येक शर्ट, प्रत्येक पँट त्यांच्याच हातची होती.

मी आलो कशाला ते वहिनींनी विचारलं. मी सांगितलं. म्हात्रे मध्येच म्हणाले, “ते नाय जमायचं गो. एक जरी फाटला तरी दुसरा कुठून आणायचा?”

वहिनींनी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. “पेटीत ठेवून काय ते वाढणार हायत? पोरांना बोलवा, भावोजी. मापं बघते.”

त्या उठल्या, भिंतीला हात लावत पेटीपाशी गेल्या आणि एकेक कपडा चाचपून ओळखायला लागल्या. हा मोरपंखी, याची उजवी बाही दोनदा उसवली होती. हा वांगी, याला कापड कमी पडलं म्हणून खिसा एकच. एकही चुकला नाही. म्हात्रे इस्त्री उभी करून नुसते बघत राहिले.

पुढच्या रविवारी चार पोरं आली. वहिनींनी वितीने त्यांची मापं घेतली आणि ओट्यावर बसून हातशिलाईने कपडे बेतात आणले. म्हात्रे शेजारी बसून सुया ओवून देत होते. पोरं आधी चेष्टेच्या सुरात होती. नंतर हळूच वहिनींना पँटच्या पायाची मोहरी किती रुंद ठेवायची ते विचारू लागली.

संमेलनाला म्हात्रे वहिनींना घेऊन आले. पोरं स्टेजवर आली तेव्हा मंडप आधी हसला. मग शिट्ट्या सुरू झाल्या आणि नाच दुसऱ्यांदा करावा लागला. तेवढा वेळ म्हात्रे वहिनींच्या कानाशी लागून कोणत्या पोराने काय घातलंय आणि ते कसं दिसतंय, ते सांगत होते. वहिनी टाळ्या वाजवत नव्हत्या. दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या ऐकत होत्या.

नाच संपल्यावर म्हात्रे चहा आणायला गेले. मी वहिनींना म्हटलं, तुमच्या हातचं अजून चालतं बरं का. त्या हसल्या. मग जरा माझ्याकडे झुकून म्हणाल्या, “हे रोज सकाळी तयार होऊन माझ्यासमोर उभे राहतात नि विचारतात, कसा दिसतोय? मी खांद्यावरून हात फिरवते. पँट कमरेत चार बोटं ढिली झालीय. केस पार मागे गेलेत. मला काय हाताला कळत नाय? पण मी म्हणते, शिवला तेव्हा दिसत होतात तसेच. मग ते कामाला जातात.”

आणि वर म्हणाल्या, “तुम्ही त्यांना काय बोलू नका हं.”

म्हात्रे गर्दीतून वाट काढत दोन पेले घेऊन आले. एक त्यांनी वहिनींच्या हातात दिला, त्यांची बोटं पेल्याभोवती नीट बसवली आणि आमचं काय चाललं होतं ते विचारलं.

वहिनी म्हणाल्या, “पोरांच्या पँटी. मागून जरा ओढल्या गेल्यात का, ते विचारत होते.”

म्हात्र्यांनी स्टेजजवळ उभ्या पोरांकडे नीट निरखून बघितलं आणि त्यांना खात्री दिली की नाय, अगदी बेतात बसल्यात.