व्हर्लिनचा डावा हात

चाळीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केलेल्या माणसाला मोटारसायकलवर रेडिओ बसवायला दुकानदार कशाला लागतो? व्हर्लिन हौगननं स्पीकर आणले, अ‍ॅम्प्लिफायर आणला, सोबतचा माहितीचा कागद न उघडताच कचऱ्यात टाकला आणि बायकोला छातीठोकपणे सांगितलं, "आर्डिस, रविवारी तू वाजवशील त्यातला एकेक सूर मी गाडीवर बसून ऐकेन. बघच तू!"

हे वचन देणं त्याला भागच होतं. आर्डिस तीन वर्षं अकॉर्डियन शिकत होती आणि रविवारी अकरा वाजता गावच्या एएम रेडिओ केंद्रावर, पोल्का या नाचाच्या संगीताच्या कार्यक्रमात, पहिल्यांदा वाजवणार होती. नेमकी त्याच वेळी अग्निशमन दलाच्या नव्या पंपाला पैसे जमवण्यासाठी मोटारसायकल क्लबची फेरी होती आणि व्हर्लिनला आयुष्यात पहिल्यांदा तिचं नेतृत्व मिळालं होतं. ते सोडवेना. पण ईस्टरला चर्चमध्ये आर्डिस वाजवत असताना हा गृहस्थ पहिल्या रांगेत घोरला होता, आणि सगळ्या मंडळींनी ते ऐकलं होतं. तेव्हापासून घरात थोडं गारच होतं. "या खेपेला ऐकलं नाहीस तर मला कळेल," एवढंच ती म्हणाली. व्हर्लिनला धडकी भरायला तेवढं पुरेसं होतं.

रविवारी साडेदहाला चाळीस मोटारसायकली निघाल्या. व्हर्लिननं ऐटीत रेडिओ लावला. तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा नुसता चुरचुराट! गाडी छान दिसावी म्हणून त्यानं एरियलची तार पत्र्याच्या आत दडपली होती, तिथंच घोडं पेंड खात होतं. पहिल्याच चौकात त्यानं ती बाहेर ओढली, तर तार चिमटीत धरताच पोल्का सुरू. मग काय, तारेचं टोक डाव्या तर्जनीला तीन वेढे गुंडाळलं. हात खाली घेतला की चुरचुर, वर केला की गाणं!

व्हर्लिन हात वर करून निघाला. आता या मंडळींची रीत अशी, की रस्त्यावर नेता बोलतो तो डाव्या हातानं. तो जी खूण करील ती मागच्यानं करायची, त्याच्या मागच्यानं करायची, अशी शेवटपर्यंत पोचवायची. एक बोट वर म्हणजे एकामागे एक व्हा. दोन-दोनच्या जोडीनं चाललेल्या चाळीस गाड्यांची मैलभर लांब शेपूट झाली. व्हर्लिननं मागं पाहिलंच नाही.

रस्ता वळला तसं केंद्र गेलं. हात डावीकडं ताणला, आलं! पुढं दोन मैल गेल्यावर त्यानं सहज आरशात पाहिलं, तर मागं कुणीच नाही. एकोणचाळीस जण आज्ञाधारकपणे डावीकडं वळून एका शेतकऱ्याच्या अंगणात शिरले होते. तिथं बारशाचं जेवण चाललं होतं. व्हर्लिन त्यांना शोधत परत आला तेव्हा तिघांच्या हातात भाजलेले सॉसेज होते आणि घरचे आजोबा आणखी खुर्च्या मांडत होते.

त्यांना कसंबसं बाहेर काढलं. अकराला दहा मिनिटं उरली आणि केंद्र पुन्हा बुडालं. हात खाली, पंजा मागं, असा धरल्यावर किंचित उमटलं. ती थांबायची खूण. मक्याच्या शेतांमधल्या भर रस्त्यात सगळे थांबले. दुसऱ्या नंबरचा डेलमार बुस्सी उतरून पुढं आला. तीस वर्षांत डेलमारनं एक खूण मोडली नव्हती.

"व्हर्लिन, आपण नक्की कुठं चाललोय?"

"रस्ता तपासतोय."

"आणि बोटाला ती तार कसली?"

"संधिवाताची," व्हर्लिन म्हणाला.

डेलमारनं मान हलवली. त्याची मेहुणी तांब्याचं कडं घालायची, तिलाही फरक पडला होता.

आता व्हर्लिनच्या ध्यानात आलं की पूर्वेकडं तोंड केलं की आवाज सुधारतो. तिकडं शेतात एक उंच लोखंडी मनोरा दिसत होता, खाली पत्र्याचं घर आणि दोन झाडं. तिथं सावलीत दहा मिनिटं टेकू, असं त्यानं जाहीर केलं. विजेवाल्यांचं काहीतरी असेल, अशी त्याची समजूत. नभोवाणीचं केंद्र गावातून तिकडं हललं, हे आर्डिसनं त्याला महिन्याभरात तीनदा सांगितलं होतं आणि तिन्ही वेळा तो "हं" म्हणाला होता.

उघड्या खिडक्यांखाली चाळीस गाड्या उभ्या राहिल्या. अ‍ॅम्प्लिफायर बॅटरी पिऊन टाकील म्हणून व्हर्लिननं इंजिन चालूच ठेवलं. नेत्यानं बंद केल्याशिवाय कुणी बंद करायचं नाही, म्हणून बाकीच्यांनीही ठेवलं.

आवाज काय स्वच्छ! निवेदकानं आर्डिसचं नाव घेतलं आणि व्हर्लिनचा ऊर भरून आला. पहिले दोन सूर लागले आणि रेडिओतून घरघर सुरू झाली. व्हर्लिननं कान रेडिओला लावला. हा इंजिनाचा उपद्रव की केंद्राचा? पारख सोपी होती. रेस वाढवली की घरघर वाढते का, ते बघायचं. त्यानं वाढवली. घरघर वाढली. कमी केली, घरघर कमी. म्हणजे वायरिंगच! खात्री करायला त्यानं मूठ पुरती पिळली. नेत्यानं पिळली म्हणून मागं एकोणचाळीस जणांनी पिळली. रेडिओ असा गरजला की व्हर्लिननं त्याला दोन गुद्दे हाणले.

अकॉर्डियन थांबलं.

"व्हर्लिन," घरघरीवर चढून आर्डिसचा आवाज आला. "खिडकीखाली तूच आहेस. गाडी बंद कर."

एका कानानं त्याला ते रेडिओतून ऐकू आलं, दुसऱ्या कानानं खिडकीतून. त्यानं किल्ली फिरवली. मागं एकेक करत एकोणचाळीस किल्ल्या फिरल्या. आर्डिसनं पहिल्यापासून सुरुवात केली आणि शेवटपर्यंत वाजवलं. सुरेखच वाजवलं. व्हर्लिनचे डोळे खरोखर पाणावले. मधे एकदा जांभई येत होती, ती त्यानं गिळली.

ती छातीशी अकॉर्डियन धरून पायरीवर आली, तेव्हा तो पुढं झाला.

"आर्डिस, शपथेवर सांगतो, एकेक सूर ऐकला मी तुझा!"

"ऐकलास ना?" ती म्हणाली. "तीन जिल्ह्यांनी तुझा ऐकला."