खांबेट्यांचा हॉर्न

नंदकिशोर खांबेट्याच्या घरात गाडी आली ती चकल्यांमुळे. झालं असं, की नेरूळहून वाशीला पोचवायच्या पाच किलो चकल्या त्याच्या बायकोने, सरोजिनीने, रिक्षातून नेल्या आणि वाटेतल्या खड्ड्यांनी आपलं काम चोख बजावलं. गिऱ्हाइकाने डबा उघडला तेव्हा आत भाजणीचा जाडसर चुरा होता. गृहस्थ सज्जन निघाले. त्यांनी पैसे पूर्ण दिले, फक्त "पुढच्या वेळी सोबत चमचे पाठवा" एवढं म्हणाले.

घरी आल्यावर सरोजिनी काहीच बोलली नाही. (विवाहित वाचकांना यातला धोका वेगळा सांगायला नको.) तिचा फराळाचा धंदा नुकता कुठे बाळसं धरू लागला होता. वीस वर्षं पाहुण्यांनी बोटं चाटून 'वहिनी, तुमच्या हाताला चव आहे' म्हटलं होतं आणि ती हसून पुढची वाटी वाढत आली होती. आता पहिल्यांदाच डब्यावर 'सरोजिनी गृहोद्योग' अशी चिठ्ठी चिकटली होती आणि ती चिठ्ठी चिकटवताना तिचा चेहरा नंदकिशोरने पाहिला होता. हिचं नाव व्हावं असं त्याला मनापासून वाटत होतं. तो बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होता आणि 'पुढील कार्यवाही व्हावी' असा शेरा मारण्यात त्याची उमर गेली होती. स्वतः कार्यवाही करायची वेळ त्याच्यावर सहसा येत नसे. ती आता आली.

"आपण गाडी घेऊ," तो म्हणाला. (सोसायटीत आपल्याला 'गाडीवाले खांबेटे' म्हणतील, हा विचार त्याच्या मनात मुळीच आला नव्हता असं नाही.)

नवी गाडी परवडणं शक्य नव्हतं. तुर्भ्याच्या एका एजंटाने जुनी व्हॅन दाखवली. पांढरी, बाजूला सरकतं दार, आत मोगऱ्याच्या अगरबत्तीचा घमघमाट.

"लेडीज ओनर आहे साहेब," एजंट म्हणाला. "रोज सकाळी फक्त दोन-तीन तास चालायची. तेपण सोसायट्यांच्या आतल्या रस्त्यांवर. हायवे काय ते माहीतच नाही बिचारीला."

यातला शब्द न् शब्द खरा होता, हे पुढे कळलं. त्या वेळी नंदकिशोरच्या डोळ्यांपुढे चष्मा लावलेली कुणी शाळेची मुख्याध्यापिका उभी राहिली आणि त्याने व्यवहार करून टाकला.

अगरबत्ती विझली आणि सरोजिनीने नाकाला पदर लावला.

"अहो, ह्यात सुकटीचा वास येतोय."

"खाडीचा वारा आहे," नंदकिशोर म्हणाला. त्याला बारा महिने सर्दी असे.

"दार लावल्यावरसुद्धा?"

"खाडी जवळ आहे ना आपल्याला."

दुसऱ्या दिवसापासून सोसायटीतली मांजरं व्हॅनच्या टपावर येऊन बसू लागली. थंडीचे दिवस आहेत, पत्रा उन्हाने तापतो, अशी नंदकिशोरने स्वतःची समजूत घातली. सरोजिनीने गाडी आतून तीनदा धुतली आणि मांजरं खाली उतरून चाकांपाशी बसली.

मग दुखणी सुरू झाली. पहिल्या आठवड्यात क्लचची वायर तुटली. दुसऱ्या आठवड्यात कार्बोरेटरमध्ये कचरा आला. शिरवण्याच्या गॅरेजवाल्या दत्तूकडे नंदकिशोरचं येणं-जाणं इतकं वाढलं, की चहा न विचारता येऊ लागला. दत्तू मोठा आशावादी माणूस. कुठलाही बिघाड बघितला की तो हात पुसत म्हणायचा, "छोटा काम हाय साहेब, टेन्शन नाय घ्यायचा." आणि गाडी आत घ्यायचा ती चार दिवसांनी बाहेर काढायचा.

तिसऱ्या आठवड्यात तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "साहेब, तुमचा सेल्फ गेलाय."

(हे सरोजिनीने लग्नानंतर लगेचच ओळखलं होतं. दत्तूला मात्र तीन आठवडे लागले.)

सरोजिनीचा हिशेब साधा होता. ती खर्च रुपयांत मोजतच नसे. क्लच वायर म्हणजे दोन किलो चकली. कार्बोरेटर म्हणजे चार किलो शेव आणि वर एक किलो चिवडा. सेल्फचा आकडा ऐकून तिने "अनारसे" एवढंच म्हटलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. त्यामुळे सेल्फ तसाच राहिला. रोज सकाळी सोसायटीचा वॉचमन व्हॅनला धक्का मारू लागला आणि बदल्यात त्याला रोज बेसनाचा लाडू मिळू लागला. थोड्याच दिवसांत तो धक्का मारायला स्वतःहून बेल वाजवायला लागला.

इंजिन पुढच्या सीटखालीच होतं. त्यामुळे गाडीला ताप आला की काट्याच्या आधी ते नंदकिशोरला कळे. कुठून, ते सांगायला नको.

पण ह्या सगळ्यावर ताण होता तो हॉर्न. स्टिअरिंग डावीकडे वळवलं की आत कुठेतरी वायर वायरीला चिकटे आणि हॉर्न आपोआप सुरू होई. साधा वाजत नसे. आधी लांब 'पोंऽऽऽ', मग घसा बसल्यासारखं 'खर्रर्र'. चाकं सरळ होईपर्यंत तो थांबत नसे. पहिल्याच दिवशी सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडताना समोरच्या इमारतीतल्या एका आजोबांच्या हातातून चहाची बशी पडली.

"हा मात्र मोठा काम हाय," दत्तू प्रथमच म्हणाला. "अख्खा स्टेरिंग खोलायला लागेल."

खर्च ऐकून सरोजिनी म्हणाली, "म्हणजे आख्खी दिवाळी."

तेव्हा नंदकिशोरने कचेरीतल्या अनुभवावरून एक तोडगा काढला. अडचणीच्या बाजूला जायचंच नाही. तो फक्त उजवीकडे वळू लागला. नेरूळचे रस्ते चौकोनी आखलेले. तीनदा उजवीकडे वळलं की एकदा डावीकडे वळल्यासारखंच होतं. त्यासाठी कधीकधी जुईनगर बघून यावं लागे, पण इभ्रत राहायची. त्याच्या मार्गाचा नकाशा काढला असता तर कुठल्या तरी गोगलगाईची पाठ दिसली असती.

संक्रांत आली आणि वाशीच्या एका महिला मंडळाचा फोन आला. अध्यक्षा दुर्गाताईंना रविवारी सकाळच्या हळदीकुंकवासाठी तीनशे गूळपोळ्या हव्या होत्या.

"सुगडं आमची, गूळपोळी तुमची," दुर्गाताई म्हणाल्या. "आवडली तर वर्षभराची सगळी कामं तुम्हालाच. पण वेळेवर हवं हं."

फोन ठेवून सरोजिनी वळली. "हे बघा. ह्या पोळ्या वेळेवर पोचल्या तर माझा धंदा उभा राहिला. नाही पोचल्या तर तुमची व्हॅन भंगारात जाईल आणि मी डब्यावरच्या चिठ्ठ्या काढून ठेवीन."

तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून नंदकिशोर घाबरला.

दोन दिवस घरात तीळ, गूळ आणि भाजलेलं बेसन यांचा वास कोंडला. (नंदकिशोरला तो येत नव्हता, पण त्याने येतोय असं तीन वेळा सांगितलं.) रविवारी सकाळी डबे व्हॅनमध्ये चढले, वॉचमनने लाडू खाऊन धक्का मारला आणि उजवी उजवी वळणं घेत स्वारी निघाली.

सानपाड्याच्या अलीकडे नंदकिशोरला खालून चटका बसला. पाठोपाठ पुढून वाफ आली. रेडिएटर उकळत होता. एका टपरीवरून कळशीभर पाणी आणलं, ते ओतायला झाकण गार होण्याची वाट पाहिली, पाणी ओतलं, तर सेल्फ नाही. धक्का मारायला माणसं जमवली. ती लाडू मागत नव्हती, पण रविवार असल्यामुळे मिळतही नव्हती. गाडी सुरू झाली तेव्हा पुढची सीट इतकी तापली होती की सरोजिनी मागे जाऊन बसली आणि तिच्या जागी पोळ्यांचे डबे आले.

वाशीला पोचले तेव्हा बायका वाण घेऊन घरी परतत होत्या. दुकानातून आणलेल्या तिळाच्या वड्यांची रिकामी खोकी दारात पडली होती. तरीही सरोजिनी हसून पुढे झाली. दुर्गाताई व्हॅनपाशी आल्या. नंदकिशोरने घाईघाईने सरकतं दार उघडलं, उन्हात तापलेला वास बाहेर आला आणि दुर्गाताई दोन पावलं मागे गेल्या.

"सरोजिनीबाई," त्या म्हणाल्या, "मी सुगडं म्हटलं होतं. सुकट नव्हे."

परतीच्या वाटेवर सरोजिनी मागच्या सीटवरून खिडकीबाहेर बघत होती. ती रागावली असती तर नंदकिशोरला बरं वाटलं असतं.

"सोमवारी विकतो," तो म्हणाला.

"आता विका नाही तर ठेवा," ती म्हणाली.

नेरूळमध्ये शिरताना नेहमीचा रस्ता कुठल्याशा केबलसाठी खणलेला निघाला. तिथल्या माणसाने लाल फडकं हलवून गाड्या बाजूच्या सेक्टरकडे वळवल्या. डावीकडे.

"उजवीकडून जाऊ का?" नंदकिशोरने विचारलं.

"उजवीकडं खड्डा हाय. पडायचंय का?"

नंदकिशोरने डोळे मिटल्यासारखे केले आणि स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. 'पोंऽऽऽ'. आणि नेमकं त्याच वेळी, अर्ध्या वळणावर, व्हॅन बंद पडली. चाकं डावीकडे, इंजिन गप्प आणि हॉर्न चालू. चार मजली इमारतींच्या त्या गल्लीत रविवारच्या भर दुपारी तो वाजतच राहिला. खिडक्या फटाफट उघडल्या. आता वरून काय काय फेकलं जाईल, ह्या विचाराने नंदकिशोरने मान आत घेतली.

जिन्यांवर चपलांचा आवाज झाला. दोन्हीकडच्या इमारतींतून बायका धावत येत होत्या आणि प्रत्येकीच्या हातात पातेलं होतं.

"सुरमई आहे का?" पहिलीने विचारलं.

"मी हेडक्लार्क आहे," नंदकिशोर म्हणाला.

"मग कोलंबी तरी? दोन महिने झाले, कुठे होतात? चांगुणाबाई नाही आली?"

नंदकिशोर वायर ओढून हॉर्नचा गळा दाबायच्या प्रयत्नात होता. इतक्यात बाजार आटपून त्या वाटेने घरी निघालेली, डोक्यावर रिकामी पाटी घेतलेली एक ठसठशीत बाई गर्दीतून पुढे आली. तिने व्हॅनच्या पत्र्यावर हात मारला. हॉर्न एकदम गप्प झाला.

"आगं बाय, ही त माजीच गारी," ती म्हणाली. "म्या चांगुना. करावेची. तुमी घेतली व्हय?"

एजंटाने सांगितलेली लेडीज ओनर ती हीच.

"तुमचा हॉर्न बिघडलेला आहे," नंदकिशोरला काहीतरी अधिकाराने बोलावंसं वाटलं.

"बिघडलेला कशाला? डावीकडं वलली का वाजतोच तो. म्या कवा दुरुस नाय केला. गल्लीन शिरलं का आपोआप बोलावनं जातं, मंग वरडायचं कोनी? त्या हॉर्नावर माजा धंदा झाला. आता मारकेटात ओटा मिलाला, म्हनून इकली." तिने आत डोकावून पाहिलं. "काय इकताव तुमी?"

नंदकिशोरने मान खाली घातली. सरोजिनीने मात्र मागचं दार सरकवलं, ती खाली उतरली आणि पुढच्या सीटवरचा डबा उघडला. इंजिनाच्या उबेने पोळ्या आत्ता तव्यावरून उतराव्या तशा गरम झाल्या होत्या. गुळाचा आणि तुपाचा वास गल्लीभर पसरला. तिने एक पोळी चांगुणाबाईच्या हातावर ठेवली. चांगुणाबाईने तुकडा मोडला, खाल्ला, डोळे मिटले आणि गर्दीकडे वळली.

"गो बायांनो, आज मावरा नाय. गुलाच्या पोल्या हाईत, गरम. पातेली भरून घ्या, परत जाऊ नका रिकाम्या."

आणि कुणीही रिकामं गेलं नाही. कोलंबीसाठी आणलेल्या पातेल्यांतून गूळपोळ्या वर गेल्या. ज्यांना मिळाल्या नाहीत त्यांनी पुढच्या रविवारचं नक्की करून घेतलं. जाताना बायकांनीच व्हॅनला धक्का मारला. घरी पोचेपर्यंत सरोजिनी पुढच्या तापलेल्या सीटवर, खाली घडी करून घातलेल्या रिकाम्या पिशव्यांवर बसून हसत होती. लग्नाला वीस वर्षं झाली, पण ती एवढी सुंदर दिसते हे नंदकिशोरच्या त्या दिवशी नव्याने लक्षात आलं.

म्हणूनच त्याने पुढचं केलं. बायकोला आश्चर्याचा धक्का द्यायचा, असं त्याने ठरवलं. स्वतःच्या नव्या सुटासाठी साठवलेले पैसे त्याने उचलले, व्हॅन दत्तूकडे नेली आणि सांगितलं, "सगळं कर. सेल्फ, रेडिएटर आणि मुख्य म्हणजे हॉर्न."

दत्तूने स्टिअरिंग खोललं. आणि त्याच्या उभ्या कारकिर्दीत बहुधा प्रथमच, केलेली दुरुस्ती टिकली.

"आता जन्मात आपोआप वाजणार नाय साहेब," तो अभिमानाने म्हणाला. "आणि दाबला तर एकदम सभ्य आवाज. फॉरेनचा हॉर्न टाकलाय."

रविवारी गूळपोळ्यांचे डबे भरले. व्हॅन किल्लीवर सुरू झाली, तेव्हा वॉचमनचा चेहरा पडला. रेडिएटर गार होता. नंदकिशोर ऐटीत त्या गल्लीपाशी आला आणि त्याने झोकात डावीकडे वळण घेतलं.

शांतता.

एकही खिडकी उघडली नाही. त्याने बटण दाबलं. फॉरेनच्या हॉर्नने 'पीप' असं अदबीने म्हटलं. कुठल्यातरी रिक्षाचा असेल असं समजून गल्ली झोपून राहिली.

सरोजिनीने सावकाश मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. "हॉर्न दुरुस्त केलात?"

"तुला आश्चर्य—"

"झालं," ती म्हणाली. "आता वाजवा."

"पण तो तर—"

"तो नाही. तुम्ही."

नंदकिशोरने आजूबाजूला पाहिलं. कचेरीतलं कुणी दिसत नव्हतं. मग त्याने खिडकीतून मान बाहेर काढली, बारमाही सर्दीने भरलेल्या छातीत जमेल तेवढी हवा घेतली आणि आवाज काढला, "पोंऽऽऽ खर्रर्र."

खिडक्या उघडल्या. जिन्यांवर चपला वाजल्या. पातेली आली, पोळ्या हातोहात खपू लागल्या. गर्दी थोडी ओसरल्यावर पहिल्या मजल्यावरच्या एका बाईंनी गॅलरीतून वाकून विचारलं, "वहिनी, हॉर्न बदललात का हो? आधीचा बरा होता."

सरोजिनी पोळ्या मोजत होती. मान वर न करता ती म्हणाली, "होता ना. पण ह्याला दुरुस्तीचा खर्च नाही."